टीपपात्र

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या आवणीला, म्हणजे खाचरात रोपं लावताना, एक गाणं गातात. त्या गाण्याची चिकित्सक आवृत्ती काढायचा निर्णय झाला तेव्हा ते एकवीस ओळींचं होतं आणि त्याला कुणाचीही हरकत नव्हती.

निर्णय लोकस्वर जतन कक्षाने घेतला. हा कक्ष जुन्नरात एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर होता. खाली पिठाची गिरणी असल्यामुळे कक्षात दिवसभर कुठलाच स्वर ऐकू येत नसे, त्यामुळे जतनाच्या कामात व्यत्यय येत नसे. कक्षाचे समन्वयक रामदास साहेब यांनी याआधी अकरा वर्षं विहिरींची गणना केली होती. विहीर मोजताना आत पाणी आहे का ते पाहायचं नसतं, कठडा आहे का ते पाहायचं असतं, हे त्यांनी त्या अकरा वर्षांत शिकून घेतलं होतं आणि ते ज्ञान वाया जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती.

वरून आलेल्या आदेशात लिहिलं होतं की, गाण्याचे स्वरलेखन आंतरराष्ट्रीय पाच रेघांच्या लिपीत, संगणकावर कोरून, सर्व पाठभेदांच्या टिपांसह सादर करावे. रामदास साहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यातलं त्यांना 'सादर करावे' एवढं नक्की कळलं. म्हणून त्यांनी सृष्टीला नेमलं.

सृष्टी बेल्ह्याची. तिचा बाप जानकू अजून चाळीस मेंढ्या राखून होता, पण मुलगी पुण्यात स्वरलिपी छापणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षं काढून आली होती. तिचं काम पाहणाऱ्याला वाटे, ही गाण्याचा हिशेब लिहिते आहे. कारण ती सूर काढत नसे, टंकत असे. कुठला सूर, किती लांब, हे अक्षरांत लिहायचं. यंत्र त्यावरून पाच रेघांवर काळे ठिपके कोरून देई. टीपही तशीच लिहायची. कुठल्या सुराला, कुणाच्या पाठात काय वेगळं आहे, तेवढं सांगितलं की सुराच्या डोक्यावर बारीक आकडा येई आणि पानाच्या तळाला खुलासा. यंत्राची अट एकच होती. टीप हवेत लटकून चालत नसे, तिला धरायला खाली एक सूर लागे.

जानकूने हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा तो मान तिरकी करून जवळ सरकला.

"लेंड्या पडल्यात की गं तारंवर," तो म्हणाला.

"लेंड्या न्हाईत आबा, सूर हायेत."

"आन् त्याच्यावरलं हे बारकं आकडं?"

"टिपा."

"म्हंजी माश्या," जानकूने विषय मिटवला.

जुलैत ध्वनिमुद्रणाला जानकूनेच तिला मोटारसायकलवरून तळेघरला नेलं, कारण एसटीच्या वेळा एसटीलाच ठाऊक होत्या. रस्ता संपल्यावर दोघं तासभर चालले. गाणं सांगणाऱ्या सोनीबाई आणि त्यांच्या वाडीतल्या सात-आठ जणी गुडघाभर चिखलात ओळीने वाकल्या होत्या. सृष्टीने काठीला माइक बांधला आणि बांधावर उभी राहिली. सोनीबाईंनी गाणं उचललं, बाकीच्यांनी झेललं, आणि खाचर एका टोकाकडून हिरवं होत गेलं. जानकू बांधावर एकदा खाकरला. बाकी सगळं बिनचूक झालं.

काम आटोपल्यावर सृष्टीने सोनीबाईंना सांगितलं, "मावशी, मी हे लिहून काढणार आहे. त्याला टिपा लावणार."

"टीप ह्या मंगलला लावायला सांग," सोनीबाई शेजारच्या बाईकडे बोट करून म्हणाल्या. "माझा गळा आता टिपंला जात न्हाई."

"ती वरच्या सुराची टीप नव्हं. ही लिहायची टीप. कुठं काय वेगळं गातात, का गातात, ते खाली लिहायचं."

सोनीबाईंनी पाय धुता धुता विचार केला.

"मग एकच लिही. तिसऱ्या वळीला मधीच दम घ्यायचा. लोकं वळ संपल्यावर घेत्यात. ते चुकीचं."

"का?"

"वाकल्यावर दम घेता येतो का, पोरी? हातातली मूठ लावून संपली की बाई उभी ऱ्हाती. तवाच दम. गाणं कमरंनं बांधलंय आमी, गळ्यानं न्हाई बांधलं."

सृष्टीने तीन वर्षांत बरेच मोठे ग्रंथ कोरले होते, पण एवढी चांगली टीप तिच्या हाताखालून गेली नव्हती. तिने ती क्रमांक एकला लावली. पल्याडच्या वाडीचे सावळेराम पाचव्या ओळीत एक सूर उतरवून गातात, ती टीप दोन. आणखी दोन बारीकसारीक. एकवीस ओळी, चार टिपा, दोन पानं. छापून तिने ती उजेडात धरून पाहिली आणि तिला वाटलं, संपलं. सरकारी कामात हा भास सुरुवातीलाच होतो.

नियमाप्रमाणे मसुदा हरकती व सूचनांसाठी पंधरा दिवस दोन्ही तालुक्यांत लावण्यात आला. चौदा दिवस कुणी फिरकलं नाही. पंधराव्या दिवशी पल्याडच्या वाडीचे सरपंच दादाभाऊ चार मोटारसायकलींवर अकरा माणसं घेऊन कक्षात आले. त्यांच्या हातात मसुदा होता आणि त्यातला 'सावळेराम' हा शब्द त्यांनी लाल पेनाने गोल केला होता.

"मॅडम," दादाभाऊ म्हणाले, "आमची वाडी सोनीबाईच्या वाडीपेक्षा चारशे फूट उंच हाय. बरोबर?"

"असेल."

"असंल न्हाई, हाय. मग कागदावर आमी तळाला कसं?"

"अहो, ती तळटीप आहे."

"तेच म्हंतोय. त्यांचं वर, ठळक. आमचं खाली, मुंग्यांवानी. आमच्या सावळेरामानं काय घोडं मारलं?"

सावळेराम मागे उभे होते. ते म्हणाले, "माझं काय न्हाई," पण त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण ते फक्त गात असत.

तेव्हा सृष्टीने शांतता राखण्यासाठी एक वाक्य उच्चारलं. ती म्हणाली, "टीप म्हणजे कमीपणा नाही, सरपंच. चिकित्सक आवृत्तीत टिपेलाच खरा मान असतो."

अकरा माणसं एकमेकांकडे बघू लागली. खाली गिरणी थांबली होती, त्यामुळे वाक्य सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"असं व्हय," दादाभाऊ म्हणाले. "मग आमाला एकच का?"

ही बातमी संध्याकाळपर्यंत सोनीबाईंच्या वाडीत पोचली. तिथल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी निवेदन दिलं की, सगळं गाणं आमचं घेतलं आणि टिपा मात्र बाहेरच्यांना वाटल्या. आम्हाला नुसत्या मुख्य पाठावर भागवण्यात आलं आहे. रामदास साहेबांनी निवेदनावर 'सहानुभूतीपूर्वक' असा शेरा मारला आणि दोन्ही वाड्यांना समसमान, म्हणजे प्रत्येकी सोळा टिपा मंजूर केल्या. पाठभेद एवढे नव्हते, पण ते मंजुरीनंतर शोधता येतील असं ठरलं.

मग इतर वाड्या आल्या. मग ज्यांच्या वाडीत भातच होत नाही ते आले. गाणं न गाण्याचीही परंपरा असते आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रामदास साहेबांना ते पटलं. गर्दीला शिस्त लागावी म्हणून त्यांनी 'परिशिष्ट ब : टीप मिळणेबाबतचा अर्ज' तयार केला. अर्जदाराने गाणं गायलेलं, ऐकलेलं, अथवा गाणं चालू असताना ऐकू येण्याजोग्या अंतरावर असलेलं असावं, अशी अट घातली. अट पुरी करणाऱ्याला 'टीपपात्र' म्हणत. पोलीस पाटलाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि दोन फोटो. टिपेत फोटो छापायचा नव्हता, पण अर्ज फोटोशिवाय उघडा दिसतो, असं साहेबांचं मत पडलं.

पिंपळवंडीच्या बाळासाहेबांचा टेंपो त्या दिवशी तळेघरच्या रस्त्याने गेला होता. त्यांनी ध्वनिमुद्रण मागवून घेतलं, सात वेळा ऐकलं आणि अकराव्या ओळीच्या मागे आपला हॉर्न ओळखला. टीप सत्याण्णव. सोनीबाईंच्या वाडीतला रामनाथ त्या दिवशी घोडेगावला दातांच्या डॉक्टरकडे होता. तो असता तर त्याने ऐकलं असतं, म्हणून त्याला 'अनुपस्थितीची टीप' मिळाली. साळुबाईंनी टीप नको म्हणून लिहून दिलं. फक्त जावेला मिळाली तर आपल्याला तिच्या वर मिळावी, एवढीच त्यांची विनंती होती. जावेनेही तेच लिहून दिलं.

हे सगळं टंकायचं सृष्टीला. आधी ती भांडली. मग तिला कंटाळा आला. आणि कंटाळलेल्या हुशार माणसाने जे करू नये ते तिने केलं, म्हणजे सोय करून दिली. अर्जांची यादी एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने टिपा आपोआप सुरांवर जाऊन बसाव्यात, अशी आज्ञावली तिने लिहिली. कुणाची वाडी आधी हा वाद होऊ लागला, तेव्हा दर पानावर पहिला मान वेगळ्या वाडीला देणारी फिरती क्रमांकपद्धत लिहिली. साळुबाई आणि जाऊ एकमेकींच्या वर याव्यात, म्हणून दोघींना एकाच ओळीत डावी-उजवीकडे बसवणारी खास चार ओळींची तजवीज केली. ती चालली तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. गाण्याकडे तिने त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

एका रविवारी बेल्ह्यात जेवताना जानकू सहज म्हणाला, "त्या बाळासाह्यबाच्या हॉर्नचं घेतलं म्हनं तुमी."

"घेतलं."

"बरं झालं. गाडीची वस्तू हाय." त्याने भाकरी मोडली. "मी खाकारलो व्हतो."

सृष्टीने त्याच्या ताटात कालवण वाढलं.

"न्हाई, घे असं न्हाई म्हनत मी. आपलं सांगितलं. पंचवीस-तीस कोस गाडी हाकली, चिखलातनं चाललो. चांगला मोठ्यांदी खाकारलो व्हतो."

सोमवारी सृष्टीने सगळ्यांत आधी एक टीप लिहिली. 'ओळ नऊ, दुसरी मात्रा. पार्श्वभूमीस खाकरणे : जानकू, रा. बेल्हे.' परिशिष्ट ब तिने बापाच्या वतीने स्वतःच भरलं आणि दोन फोटो घरातूनच आणले. मग बाकीच्यांवर हसायचं तिने बंद केलं.

वर्ष गेलं. टिपा चारशे बारा झाल्या, पानं एकशे एकतीस. तेव्हा रामदास साहेबांनी मूळ मंजुरीची फाइल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली आणि सृष्टीला बोलावलं.

"छपाई अठ्ठेचाळीस पानांची मंजूर आहे."

"मग टिपा कमी करू."

"प्रत्येक टिपेमागे ठराव आहे, दाखला आहे, दोन फोटो आहेत. टीप कमी करायची तर विशेष ग्रामसभा घ्यावी लागेल. किती वाड्या?"

"एकतीस."

साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पुन्हा विहिरींच्या खात्यातले झाले होते.

"या पुस्तकात ठराव नसलेलं काय आहे?"

सृष्टीने पानं चाळली. तिला उत्तर माहीत होतं, पण ते देववेना.

"गाणं," ती म्हणाली.

"कुणी अर्ज केलेला नाही?"

"गाण्याने?"

"गाण्यासाठी."

"नाही."

"मग आपले हात मोकळे आहेत," रामदास साहेब म्हणाले.

प्रथम परत परत येणाऱ्या ओळी गेल्या. मग ज्या ओळींवर टिपा कमी होत्या त्या गेल्या, त्यांच्या टिपा शेजारच्या ओळीवर सरकवून. तरी चौसष्ट पानं राहिली. आणखी ओळी काढल्यावर यंत्राने काम थांबवलं आणि पडद्यावर कळवलं की टीप अठराला सूर सापडत नाही, टीप एकोणीसला सूर सापडत नाही, आणि असं चारशे बारापर्यंत. सृष्टीला हायसं वाटलं. निदान यंत्र तरी गाण्याच्या बाजूने उभं होतं. तिने ते साहेबांना दाखवलं.

"यावर उपाय नाही?" साहेबांनी विचारलं.

सृष्टी खोटं बोलू शकली असती. पण तिला आपलं काम येत होतं, आणि काम येणाऱ्या माणसाचा तोच दुबळेपणा असतो.

"एक आहे," ती म्हणाली. "अदृश्य सूर. यंत्राला तो असतो, कागदावर दिसत नाही. रिकामी जागा जुळवायला वापरतात."

"पण तो सूरच ना?"

"यंत्राच्या लेखी सूरच."

"तपासणीला आलं तर सांगता येईल, सूर आहेत म्हणून?"

"येईल."

"जागा किती घेतो?"

"आपण देऊ तेवढीच."

"वा," रामदास साहेब खुर्चीत मागे रेलले. "मग सगळे तसलेच घाला."

सृष्टीने एवढीच विनंती केली की टीप एक आणि तिच्याखालची तिसरी ओळ दिसती राहावी. साहेब म्हणाले, हरकत नाही, त्या बाईंचा अर्ज आणा. टीप एक परिशिष्ट ब निघण्याआधीची असल्यामुळे तिला अर्जच नव्हता.

जुलै पुन्हा आला होता. या वेळी सृष्टी एकटीच तळेघरला गेली आणि अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाडीपर्यंत चालली. सोनीबाई त्याच खाचरात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाकूनच.

"माझ्या दमाला अर्ज?"

"मावशी, नुसता अंगठा द्या. मी बाकीचं भरलंय."

"आन् फोटू?"

"दोन."

सोनीबाई मूठ संपल्यावर उभ्या राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. त्या हसत होत्या, आणि सृष्टीला ते रागापेक्षा जड गेलं.

"मी न्हाई देत. दम माझा हाय व्हय? वाकल्याल्या समद्या बायांचा हाय. त्यांचं अंगठं कुठनं आणू?" मग त्यांनी रोपांची एक मूठ तिच्यापुढे धरली. "तुला पायजे ना ती वळ? पायातलं काढ. ये."

सृष्टी उतरली. पहिल्यांदा तिची रोपं तरंगून वर आली, मंगलने ती मागून सरळ केली. दुसऱ्या मुठीला जमू लागलं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तिच्या हातातली रोपं संपली, कंबर आपोआप सरळ झाली आणि छातीत दम शिरला, बरोबर त्याच जागी, कुणी न सांगता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर ती जिथे आकडे बसवत होती, तिथे काय होतं ते तिला आत्ता कळलं. संध्याकाळपर्यंत ती लावत राहिली. परत निघताना पिशवीत कोरा अर्ज तसाच होता.

अर्जाअभावी टीप एक वगळण्यात आली. पुस्तक सत्तेचाळीस पानांचं झालं.

प्रकाशन जुन्नरात एका मंगल कार्यालयात झालं. एकतीस वाड्यांची माणसं आली होती, टेंपो भरून. पुस्तक हातात पडताच सगळ्यांनी ते मागून उघडलं, कारण नावांची सूची मागे होती. सभागृहात बोटं ओळींवरून फिरल्याचा आवाज येत होता. मग पुण्याहून आलेले तज्ज्ञ बोलायला उभे राहिले. पान उलटताना ते क्षणभर अडखळले. पाच रेघा होत्या, रेघांच्या वर आकडेच आकडे होते, मध्ये काही नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की लोकपरंपरेतल्या मौनाचं इतकं धाडसी संपादन त्यांनी पाहिलं नव्हतं. कडकडून टाळ्या पडल्या. त्यानंतर शाळेच्या मुली पुस्तक समोर धरून गाणं सादर करायला उभ्या राहिल्या. त्यांना पुस्तकात असेल तेवढंच गायला सांगितलं होतं. त्या दोन मिनिटं अतिशय शिस्तीत उभ्या राहिल्या आणि नमस्कार करून बसल्या. दादाभाऊ शेजाऱ्याला म्हणाले, "लई सुरेख बसवलंय राव."

सोनीबाई आल्या नव्हत्या. आमंत्रणं टीपपात्र व्यक्तींनाच गेली होती.

पुढच्या महिनाभरात कक्षाकडे एकोणसत्तर तक्रारी आल्या. नावातला र्‍हस्व चुकला, सत्याण्णवात हॉर्नची कंपनी लिहायची राहिली, जाऊ उजवीकडे आली आणि उजवी बाजू मानाची असते. सृष्टीने सगळ्या दोनदा वाचल्या. गाणं कुठे आहे, असं एकाही तक्रारीत नव्हतं. शेवटी तिने स्वतःच सत्तरावी लिहिली. तिला उत्तर आलं की तक्रारदाराचे नाव सूचीत नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली सही रामदास साहेबांची होती आणि सहीखाली त्यांनी प्रेमाने लिहिलं होतं, 'वडिलांमार्फत पाठवावी.'

तिने कक्ष सोडला. आता ती बेल्ह्यात लग्नपत्रिका आणि बँडवाल्यांची स्वरलिपी करून देते आणि आवणीला चार दिवस तळेघरला जाते. जानकूने मात्र पुस्तक पिशवीत ठेवलं आहे आणि सोमवारच्या बाजारात बैल बघायला आलेल्या माणसांना तो नववी ओळ उघडून दाखवतो.

ही सगळी हकीकत ती कुणालाही सांगते. लोक पोट धरून हसतात, रामदास साहेबांना नावं ठेवतात, दादाभाऊंचं चारशे फुटांचं वाक्य पुन्हा म्हणायला लावतात. हसून झाल्यावर ती थोडी थांबते, कुणी काही विचारतंय का ते पाहते, आणि मग चहा टाकायला उठते.

आपणही इथवर वाचत आलात. रामदास साहेब कळले, हॉर्न कळला, खाकरणं कळलं, साळुबाईंची जाऊ कळली. सोनीबाईंच्या त्या एकवीस ओळींतली एकसुद्धा ओळ या पानांवर नव्हती. ते आपल्याला कुठे खटकलं का, एवढंच आठवून पाहा. खटकलं नसेल, तर परिशिष्ट ब कक्षात अकरा ते एक या वेळेत मिळतं. येताना दोन फोटो आणावेत.